पहिल्यांदा 'मुघल-ए-आझम' बघताय ना? मग एवढं करा

आधी इतिहास वाचत बसू नका. सलीम-अनारकलीची गोष्ट दंतकथाच आहे. खरं-खोटं मध्येच काढलंत की मित्राशी वाद होतो आणि प्रसंग हातचा जातो. तो वाद नंतर चहावर घाला.

रंगीत आवृत्ती 2004ची आहे. पहिल्यांदा मूळचीच बघा. तीत बराचसा भाग कृष्णधवल आहे, म्हणून 'प्यार किया तो डरना क्या'ला शीशमहाल रंगात उजळतो तेव्हा अंगावर काटा येतो. छताच्या आरशांत मधुबालाच्या असंख्य प्रतिमा गिरक्या घेतात, तिकडे बघा. हा परिणाम मोबाइलवर मिळत नाही. घरचा मोठा टीव्ही घ्या, जमलं तर चांगले स्पीकर.

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे गाणी पुढे ढकलणं. नौशादांच्या संगीतात कथा पुढे सरकते! 'प्रेम जोगन बन के'ला तर दोघांनीही गप्प बसा. बडे गुलाम अली खाँसाहेबांचा सोहनी राग चालू असतो, पडद्यावर फक्त एक पीस मधुबालाच्या गालावरून फिरतं. मी दरवेळी इथे श्वास रोखून धरतो. राग ओळखता आला नाही तरी चालेल, ते पुढचं.

सव्वातीन तासांचा आहे, तेव्हा रविवारी दुपारी जेवून बसा. उर्दू संवाद अडले तर सबटायटल लावा, लाज कसली? आणि पुढच्या वेळी मुंबईतल्या मराठा मंदिर थिएटरवरून जाताना मित्राला सांगा, 1960 साली हा इथेच लागला होता.