टंच खरा, नाणं खोटं: जुन्या चांदीच्या रुपयाबद्दल प्रश्नोत्तरे

धनत्रयोदशी ते तुळशीचं लग्न या दिवसांत देवघरातले, कपाटातले जुने रुपये बाहेर निघतात आणि माझ्याकडे प्रश्नांचा ढीग लागतो. यंदाही बहुतेकांचा घोळ एकच आहे. टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, बरोबर निघाला म्हणजे नाणं खरं, चांदी कमी निघाली म्हणजे नाणं खोटं, असं सगळे धरून चालतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

आजीच्या डब्यातला १९४७चा रुपया लोहचुंबकाला चिकटतो. नकली ना? (सांगली)

नाही. १९४७चा रुपया निकेलचा आहे. तो चिकटायलाच हवा.

१९४२च्या रुपयात अर्धीच चांदी आहे असं सराफ म्हणतात. आम्हाला फसवलं का? (जालना)

सराफ बरोबर सांगताहेत आणि नाणंही खरं असू शकतं. महायुद्धाच्या काळात, १९४०पासून, सरकारने रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली. याच रुपयांच्या किनारीवर, दात्यांच्या मधून बारीक चर गेलेला दिसतो. नकली नाणी रोखण्यासाठी तो आणला होता. भिंगातून तो चर पाहा.

१९११च्या रुपयावर राजाच्या झग्यावर डुक्कर आहे. असं खरं नाणं असेल? (मालेगाव)

तो हत्ती आहे. लहान आकारात सोंड आखूड दिसल्याने लोकांना डुक्कर वाटलं, ओरड झाली आणि १९१२च्या नाण्यांवर हत्ती नीट कोरला गेला. म्हणून तेवढ्यावरून नाणं खोटं ठरत नाही. बाकी तपासणी मात्र चुकवू नका.

राम-दरबार असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८चं चांदीचं नाणं विकायचं आहे. ते लोहचुंबकासारखं तांदूळ ओढतं असं सांगून एकाने दहा लाख देऊ केले. आधी ‘तपासणी फी’ मागतो. (बीड)

फी देऊ नका. आजच पोलिसांत जा. राम-दरबार, हनुमान, लक्ष्मी आणि सोबत ‘ईस्ट इंडिया कंपनी, वन आणा’ असं लिहिलेले हे तुकडे नाणी नव्हेतच. कंपनीच्या टाकसाळीशी त्यांचा संबंध नाही, ते अलीकडे बाजारासाठी पाडलेले आहेत. तांदूळ ओढणारी धातूची वस्तू जगात नाही. या एका थापेवर महाराष्ट्रात लोकांनी जमिनी गहाण टाकल्या आहेत. जुन्या नाण्यांच्या नावाने रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून कमिशन किंवा कर मागणाऱ्यांबद्दल बँकेने स्वतः ४ ऑगस्ट २०२१ रोजी लोकांना सावध केलं होतं. बँक असल्या व्यवहारात नसते आणि कोणाकडून फी मागत नाही.

१९३९चा राजाछाप रुपया घेतला. सराफाच्या टंच मशिनवर ९१ टक्के चांदी आली, त्यांनी चिठ्ठीही दिली. आता निश्चिंत व्हायला हरकत नाही ना? (पुणे)

हरकत आहे. त्या मशिनने धातू सांगितला. नाणं कोणी आणि कधी पाडलं हे तिला कळत नाही. आजचा नकलाकार जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) वापरेलच असं नाही. साधे रुपये मोडीच्या भावाने घ्यायचे, वितळवायचे आणि त्याच चांदीतून दुर्मिळ सालाचे रुपये ठोकायचे. टंच अगदी बरोबर येतो, वजनही ११.६६ ग्रॅमच्या आसपास बसतं. चिठ्ठी खरी असते, नाणं खोटं असतं.

१९३९च्या बाबतीत याहून सोपी युक्ती आहे. १९३८चा रुपया सहज मिळतो, १९३९चा फार दुर्मिळ. शेवटच्या आठचा नऊ केला की किंमत कित्येक पटींनी वाढते. अशा नाण्यात चांदी खरी, राजा खरा, किनार खरी, फक्त एक आकडा खोटा. दहापट दाखवणारं भिंग घ्या आणि सालातले दोन नऊ शेजारी शेजारी ताडून पाहा. जाडी, पोटाचा गोल, शेपटीचा बाक यात फरक दिसला तर शंका घ्या. नंतर शेवटच्या आकड्याभोवतीची सपाट जागा उजेडात तिरकी धरा. तिथे खरवडल्याच्या बारीक रेघा किंवा वेगळी चकाकी दिसली की उत्तर बहुधा मिळालंच.

मागे एक कुटुंब दिवाळीत एका दुकानातून घेतलेले सात राणीछाप रुपये घेऊन आलं. सातही चांदीचे. मी ते ओळीने मांडले आणि राणीच्या गालावर, एकाच जागी, एकाच लांबीचा ओरखडा सातही नाण्यांवर होता. खऱ्या नाण्यांवर वापराचे ओरखडे प्रत्येकावर वेगळे पडतात. एकाच जुन्या रुपयावरून ठसा काढला की त्याचा ओरखडाही प्रत्येक नकलेवर उतरतो. त्या घरातल्या आजी हे ऐकून बराच वेळ गप्प होत्या. मला राग येतो तो याचा, की विकणाऱ्याने टंचाची चिठ्ठी दाखवून त्यांचा विश्वास मिळवला होता.

तेव्हा तुमचा रुपया नाणेतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथे विचारणा करा. विकत घेतल्याची पावती असेल तर ही विचारणा परतीची मुदत संपायच्या आत करा. सहा महिने थांबून लिहिणाऱ्यांना मला फारशी मदत करता येत नाही.

घरच्या घरी काय तपासता येईल? आवाजावरून कळतं म्हणतात. (रत्नागिरी)

बंदा रुपया खणखणीत वाजतो हे खरं, पण कडी लावून काढलेला किंवा बारीक चीर गेलेला खरा रुपयाही बद्द वाजतो आणि चांगली नक्कल खणखणते. पाण्याची रीत जास्त भरवशाची. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने पूर्ण बुडेल असं टांगा, तळाला टेकू देऊ नका. १८३५पासूनच्या ९१.७ टक्के चांदीच्या पूर्ण वजनाच्या रुपयाला साधारण १.१३ ग्रॅम येईल. तेवढ्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा तुकडा १.३४च्या आसपास दाखवतो. किनारीवर सांधा, कानशीची खूण किंवा पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर नाणं ओतीव आहे, म्हणजे नकली. यातून खोटं पकडता येतं, खरं सिद्ध होत नाही.

पेशव्यांचा म्हणून घेतलेल्या रुपयावर फारसी अक्षरं, तीही अर्धवट आणि वर खड्डे. परत करू? (सातारा)

या कारणांसाठी नको. पुण्याच्या अंकुशी, म्हणजे अंकुशाची खूण असलेल्या, रुपयावरही शाह आलम बादशहाचं नाव फारसीत आहे. त्या काळची रीत तीच होती. हाताने ठोकताना चकती ठशापेक्षा लहान असायची, म्हणून मजकूर तुटतो. बारीक खड्डे बहुधा सराफांनी चांदी पारखताना मारलेले ठप्पे असतात. उलट पूर्ण मजकूर, अगदी गोल आकार आणि यंत्रासारखी किनार दिसली तर मला जास्त काळजी वाटते. तरी फोटोवरून मी खरं-खोटं सांगणार नाही. घेऊन या.

चांदीची शिवराई मिळते आहे, घ्यावी का? (कोल्हापूर)

शिवराई तांब्याची, होन सोन्याचा. चांदीची म्हणून जी विकतात ती आठवण म्हणून घ्यायची असेल तर चांदीच्या भावाने घ्या.

१८६२ साल म्हणजे फार दुर्मिळ ना? (अकोला)

नाही. १८७४पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही १८६२च घातलं जात होतं.

दाखवायला नेण्याआधी पितांबरीने स्वच्छ करू का? (ठाणे)

करू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्टही नको. काळा थर ही वयाची खूण असू शकते आणि घासताना उंच भागावरची नक्षी जाते. खोट्या नाण्यावरचा बनावट काळपटपणा ओळखायलाही मला तो थर जसाच्या तसा लागतो.

मुलगा अमेरिकेत आहे. शंभर वर्षांचे दोन रुपये त्याच्याबरोबर पाठवू का? (डोंबिवली)

नको. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून इतर कोणी ते देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. तिकीट काढण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारा.