पट्टा तुटला, तर आधी हेड खोला

प्रश्न : माझ्याकडे 2009 ची डिझेल इंडिका आहे, सेकंडहँड घेतलेली. फेरनोंदणी 2029 पर्यंत झालेली आहे. मागच्या आठवड्यात आर्णीहून येताना चालती गाडी एकदम बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन नुसतं हलकं फिरतं, पकडत नाही. गावातला मेकॅनिक म्हणतो, टायमिंग बेल्ट तुटला, नवा टाकून पाहू, दोन हजारांत काम होते. यवतमाळचा म्हणतो, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खोलावं लागेल, पंचवीस हजार धरून चाला. गाडी धड असती तर साठ हजारांना गेली असती. काय करू?
— एक वाचक, दिग्रस तालुका

उत्तर : भाऊ, पहिले सेल्फ मारणं बंद करा. गावातले पोट्टे जमवून धक्का तर बिलकुल मारू नका.

क्रँक (पिस्टनला जोडलेला खालचा दांडा) दोनदा फिरला की कॅम (हवा-धुराच्या झडपा, म्हणजे वॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) एकदा फिरतो. हा हिशेब तो पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट सांभाळतो. तो तुटला की कॅम जागीच थांबतो, काही वॉल्व्ह उघडेच राहतात, आणि गाडी वेगात असल्यानं पिस्टन मात्र वर येतच राहतो. डिझेलमध्ये वर जागा नसतेच, म्हणून पिस्टन सरळ वॉल्व्हवर आदळतो. सेल्फला इंजिन हलकं लागते ते यामुळेच, कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, उरलेलं नाही.

म्हणून यवतमाळवाल्याचं बरोबर आहे. नुसता बेल्ट टाकून वाकडा वॉल्व्ह सरळ होत नाही. त्यातला एखादा तुटून खाली पडला, तर पिस्टनही जाते.

पण पंचवीस हजाराला आत्ताच हो म्हणू नका. फक्त हेड उतरवण्याची मजुरी ठरवा आणि स्वतः समोर उभे राहा. पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारख्या खुणा दिसतील. मग लेथवाल्याकडे हेड आडवं करून पोर्टमध्ये (हवा-धुराच्या भोकांत) रॉकेल ओतायला सांगा. वॉल्व्हच्या कडेनं पाझरलं, तो वॉल्व्ह गेला. त्याचं गाइडही (वॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) तपासून घ्या. खर्चाची चिठ्ठी यानंतर मागा: सामान वेगळं, लेथ वेगळं, मजुरी वेगळी. काढलेले वॉल्व्ह घरी आणा.

नुकसान वॉल्व्हपुरतंच असेल तर मी म्हणेन, करून टाका. साठ हजारात दुसरी जुनी गाडी घ्याल, तिचा पट्टा किती जुना आहे हे तुम्हाला कोण सांगणार? तुमच्या गाडीचे कागद तरी 2029 पर्यंत चालतात. पिस्टन फुटला असेल किंवा कॅमच मोडला असेल, तर पैसा घालू नका, आहे तशी विका.

काम करायचं ठरलं तर टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली), कॅम-क्रँकचे ऑइल सील आणि हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) नवेच टाका. इथं हजार-पाचशे वाचवणारे लोक मी फार पाहिले. जुन्या सीलमधून ऑइल झिरपते, ते नव्या पट्ट्यालाही खाते. आणि रबर नुसतं किलोमीटरनं नाही, वर्षांनीही मरते. त्यात आपला मे महिना 45 अंशांचा, बॉनेटखाली तर त्याहून जास्त.

पट्टा चढवल्यावर लगेच सेल्फ मारू देऊ नका. पान्यानं क्रँक हातानं पूर्ण दोन वेळा फिरवायला लावा. कुठं अडला तर जोर न लावता क्रँक-कॅमच्या जुळणीच्या खुणा पुन्हा जुळवायच्या. गाडी सुरू झाली की पट्ट्याच्या कव्हरवर ऑइल पेंटनं तारीख आणि मीटर लिहून ठेवा.