पडद्याखालच्या रक्तवाहिन्या : लेसर की इंजेक्शन?

प्रश्न : माझ्या ७२ वर्षांच्या वडिलांना डाव्या डोळ्याने दाराची चौकट वाकडी दिसते आणि वाचताना मधली अक्षरे पुसट होतात. डोळ्याच्या पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या वाढल्याचे निदान झाले असून डॉक्टरांनी दरमहा डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सांगितले आहे. त्याऐवजी एकदाच लेसर केले तर चालणार नाही का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : वडिलांना मिळालेला सल्ला आजच्या प्रचलित उपचाराला धरूनच आहे, आणि तो अमलात आणण्यात दिवस घालवू नयेत. पडद्याच्या मध्यभागी असलेल्या ज्या मॅक्युलामुळे आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, त्याच्या खालून या नाजूक वाहिन्या वाढतात. त्यांतून रक्त व पाणी झिरपल्याने पडदा उचलला जातो आणि सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. १९८० च्या दशकात या वाहिन्या लेसरच्या उष्णतेने जाळत असत. त्यात वरचा पडदाही जळतो आणि तेवढ्या भागातली नजर कायमची जाते, त्यामुळे वाहिन्या अगदी मध्यबिंदूखाली असल्या तर उपचारानेच वाचण्याची दृष्टी हिरावली जाई. शिवाय अमेरिकेतील मोठ्या चाचण्यांत सुमारे निम्म्या रुग्णांच्या वाहिन्या पुन्हा वाढल्या. एकदाच लेसर करून सुटका, ही आशा तेव्हाही अनेकांच्या बाबतीत फोल ठरत होती.

२००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या दुसऱ्या पद्धतीत शिरेतून व्हर्टेपोर्फिन हे औषध देऊन डोळ्यावर ८३ सेकंद सौम्य लेसर सोडतात. त्याने पडदा भाजत नाही, परंतु दृष्टी सुधारण्यापेक्षा तिची घसरण मंदावणे, इतकाच लाभ बहुतेकांना होई. वाहिन्यांच्या वाढीला चालना देणारे प्रथिन अडवणारे रॅनिबिझुमॅब हे डोळ्यात टोचायचे औषध २००६ मध्ये आले आणि चित्र पालटले : त्याच्या चाचण्यांत दर तीन रुग्णांपैकी साधारण एकाला तक्त्यावरच्या तीन ओळी अधिक वाचता येऊ लागल्या. खर्चाची अडचण असल्यास डॉक्टरांना संकोच न करता सांगावे, कारण पुष्कळ स्वस्त पडणारे बेव्हॅसिझुमॅब हे त्याच प्रकारचे इंजेक्शन दृष्टीच्या बाबतीत जवळपास तितकेच गुणकारी असल्याचे २०११ मध्ये दिसून आले आहे.

तरीही लेसर बाद झालेले नाही. आशियाई रुग्णांत अधिक आढळणाऱ्या एका प्रकारात वाहिन्यांच्या टोकांना फुगे येतात, आणि तिथे इंजेक्शनला सौम्य लेसरची जोड दिल्याने फायदा होतो. हा प्रकार ओळखण्यासाठी आयसीजी अँजिओग्राफी (शिरेतून रंगद्रव्य देऊन डोळ्यातल्या वाहिन्यांची छायाचित्रे घेण्याची तपासणी) लागेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. वडिलांनी रोज एकेक डोळा झाकून चौकटींचा तक्ता पाहावा, म्हणजे उजव्या डोळ्यातला बदलही लवकर कळेल. इंजेक्शननंतर वेदना वाढल्या, डोळा अधिक लाल झाला किंवा नजर घटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.