अंबू, अंबु आणि लोहाराचा भाता

नाशिकरोडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "बातम्यांत 'रुग्णाला अंबू बॅग लावून हलवले' असं वाचतो. 'लावून' बरोबर आहे का? अंबू म्हणजे काय? आणि याला चांगला मराठी शब्द कोणता?"

आधी 'लावून'चा निकाल लावतो, कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत. सलाईन लावतात, ऑक्सिजन लावतात, व्हेंटिलेटर लावतात. एकदा लावलं की पुढं ते आपलं आपण चालू राहतं. अंबू बॅग म्हणजे तोंडानाकावरच्या मास्कला जोडलेली, हातानं दाबायची पिशवी. ती नुसती 'लावून' कुणी हात झटकले तर रुग्णाला श्वासच मिळणार नाही. पिशवी दाबली की हवा छातीत जाते, सोडली की ती स्वतःच्या ताणानं पुन्हा फुगते, आणि रुग्णानं सोडलेली हवा मधल्या एकेरी झडपेमुळे पिशवीत परत न येता बाहेर पडते. दर श्वासाला एक मूठ आवळावी लागते.

माझ्या काकांना घोटीहून नाशकात आणलं तेव्हा मी ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्या पायाशी बसलो होतो. उशाशी एक पोरगेलासा अटेंडंट. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मास्कवर गच्च, उरलेली तीन बोटं जबड्याखाली, उजव्या हातात पिशवी. ओठांतल्या ओठांत आकडे मोजायचा आणि सहा आले की दाबायचा. वाडीवऱ्ह्याला त्यानं हात बदलले, विल्होळीच्या अलीकडे पुन्हा एकदा. पाऊण तास धरला तरी साडेचारशे वेळा झालं. आणि दाखल करतानाच्या कागदावर काय लिहिलं? 'अंबू लावून आणले.' तो पोरगा त्या क्रियापदातून साफ गळला! वॉर्डात मात्र माणसं नीट बोलतात. 'अंबू दाब', 'अंबू मार', 'बॅगिंग चालू ठेव'. घोटाळा लिहिणाऱ्यांचा आहे.

'अंबू'बद्दल फार बोलण्यासारखं नाही. ते ब्रँडचं नाव. हेनिंग रूबेन हे डेन्मार्कचे भूलतज्ज्ञ आणि होल्गर हेसे हे इंजिनिअर, या दोघांनी आपोआप फुगणारी पिशवी तयार केली आणि ती १९५६ मध्ये बाजारात आली. झेरॉक्सचं झालं तेच इथं झालं, कंपनी कुठलीही असो, पिशवी अंबूच. 'आर्टिफिशियल मॅन्युअल ब्रीदिंग युनिट' हा विस्तार सगळे सांगतात. माझ्या मते तो मागाहून जुळवलेला असावा, म्हणजे मूल चालायला लागल्यावर बारसं.

पंचवटीतले एक निवृत्त संस्कृत शिक्षक मात्र मला गेली दोन वर्षं पटवताहेत की हा आपला 'अंबु' आहे. अंबुज, अंबुद, तसंच अंबू. अंबु म्हणजे पाणी, गुरुजी! रामकुंडातून बाहेर काढलेल्या माणसाच्या तोंडाशी आणखी पाणी कशाला नेताय?

आता मराठी शब्द. 'कृत्रिम श्वसनपिशवी' हा अर्थानं बरोबर आहे, पण धावपळीत कोण उच्चारणार? एका शुद्धिप्रेमी मित्रानं 'स्वयंफुल्ल श्वासदायिनी' सुचवलंय. ही आरतीत शोभेल. अहो, शब्द घरात पडलाय: भाता!

संस्कृत भस्त्रा म्हणजे चामड्याची पिशवी. पिशवी, लक्षात घ्या, बॅगच. तिच्यात हवा भरून लोहारानं विस्तव फुलवला तो भाता, आणि तिच्यात बाण भरून योद्ध्यानं पाठीला बांधली तोही भाताच. 'भात्यातला शेवटचा बाण' लिहिणाऱ्या पत्रकारांना आपण लोहारशाळेत उभे आहोत याचा पत्ता नसतो. यावर एका कोशप्रेमी गृहस्थांनी मला सुनावलं की बाणांचा भाता वेगळा, तो हिंदीतल्या 'भाथा'वरून उसना घेतलाय. साफ चूक. हस्तचं प्राकृतात हत्थ झालं, हिंदीत हाथ आणि मराठीत हात. भस्त्राचं भत्था, हिंदीत भाथा, मराठीत भाता. एका शब्दात दोन महाप्राण, म्हणजे ह, थ, भ यांसारखे हवा सोडून उच्चारायचे वर्ण, आले की मराठी दुसऱ्याची हवा काढून घेते. 'भाता' उसना म्हणायचा तर 'हात'ही उसनाच म्हणा आणि मग कशानं लिहिता ते सांगा. (भात्यातलीच हवा गेली, याची गंमत मला अजून पुरून उरते.)

आणि श्वासाशी या भात्याचं नातं मी आज जोडत नाही. दम लागला की छातीचा भाता होतो, हे आपण म्हणतोच. भागवतात सरळ विचारलंय, 'भस्त्राः किं न श्वसन्त्युत', भाते श्वास घेत नाहीत काय? भस्त्रिका प्राणायामाचं नावही तिथूनच आलेलं. पेटी वाजवणाऱ्याकडे बघा, एक हात पट्ट्यांवर, एक भात्यावर. ॲम्ब्युलन्समधला तो पोरगा हुबेहूब तसाच बसला होता.

तिकडे युरोपातही हीच वाट. रॉबर्ट हूक यांनी १६६७ मध्ये छाती उघडलेल्या कुत्र्याला भात्यानं हवा देऊन जिवंत ठेवलं. बुडालेल्यांना वाचवण्यासाठी १७७४ साली लंडनमध्ये एक संस्था निघाली, आणि दोनच वर्षांनी जॉन हंटर यांनी त्या कामासाठी दुहेरी भाता सुचवला. पुढं लेरॉय नावाच्या फ्रेंच वैद्यानं दाखवून दिलं की जोरानं भाता मारला तर फुप्फुस फाटतं, आणि भाते मागं पडले. म्हणजे अंबूला भाता म्हणणं ही उपमा नाही, ते तिच्या आजोबांचं नाव आहे.

राहिलं क्रियापद. हठयोगप्रदीपिका भस्त्रिका सांगताना लोहाराचा दाखला देते: 'भस्त्रा वेगेन चाल्यते'. चाल्यते, चालवली जाते. लावली जात नाही! त्यातलं 'वेगेन' तेवढं रुग्णाजवळ विसरा. मोठ्या माणसाला सहा सेकंदांनी एक श्वास, सेकंदभर दाबून, छाती उचललेली दिसेल इतकाच. घाई केली तर हवा पोटात जाते आणि उलटी होते. मास्क नीट बसवायला तर शिकावंच लागतं, माझं वाचून कुणी हात लावू नये.

तेव्हा बातमीत 'अंबू बॅगनं श्वास देत आणलं' लिहा. 'भाता' लिहायचं धाडस झालं तर मला कात्रण पाठवा. लोहारांच्या भट्टीला आता बहुतेक ठिकाणी विजेचा ब्लोअर हवा देतो, त्यामुळे शब्द तसा मोकळाच बसलाय.