सर्व्हरवर लिंक्स (Lynx) ब्राउझरमध्ये काही पानं कोरी का दिसतात?

तुमची अडचण अशी दिसते: सर्व्हरवर डेस्कटॉप नाही, एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनलने) आत जाऊन तिथेच डॉक्युमेंटेशन वाचायचंय, आणि लिंक्स या फक्त मजकूर दाखवणाऱ्या टर्मिनल ब्राउझरमध्ये काही पानं छान उघडतात तर काही पार कोरी.

इन्स्टॉलेशनमध्ये काही बिघडलेलं नाही. कोऱ्या पानांच्या एचटीएमएलमध्ये मजकूरच नसतो, तो नंतर जावास्क्रिप्ट भरते, आणि लिंक्स जावास्क्रिप्ट चालवत नाही. खात्री करायची तर उलटा स्लॅश (\) दाबा, पानाचा सोर्स दिसेल. त्यात नुसते स्क्रिप्टचे टॅग असतील तर सेटिंग बदलत बसू नका, उपयोग नाही.

डॉक्युमेंटेशनसाठी मी डब्ल्यूथ्रीएम (w3m) हा दुसरा टर्मिनल ब्राउझर सुचवेन. लिंक्स १९९२ पासूनचा, भरवशाचा आहे. खाली-वर बाण दाबून लिंकवरून लिंकवर जायचं, उजव्या बाणाने उघडायची, डाव्याने मागे. पण टेबल आलं की तो रकाने मोडून टाकतो. कमांडच्या पर्यायांचं टेबल असं विस्कटलं की कुठला अर्थ कुठल्या पर्यायाचा हेच कळत नाही. डब्ल्यूथ्रीएम रकाने जागच्या जागी ठेवतो. त्यात टॅबने पुढची लिंक, एंटरने उघडायची, कॅपिटल बी ने मागे, कॅपिटल यू ने नवा पत्ता.

तरीही लिंक्स काढून टाकू नका. त्याचा डंप पर्याय मला सगळ्यात जास्त आवडतो. ब्राउझर उघडतच नाही; पानाचा मजकूर सरळ टर्मिनलवर येतो आणि तळाशी सगळ्या लिंकांची क्रमवार यादी. ती नको असेल तर सोबत नोलिस्ट द्यायचं:

lynx -dump -nolist पत्ता | grep -i timeout

ग्रेप शब्द शोधतो, त्यामुळे लांबलचक मॅन्युअलमधल्या टाइमआउट शब्दाच्या नेमक्या तेवढ्या ओळी हातात येतात. मट (Mutt) या टर्मिनलमधल्या मेल प्रोग्रॅममध्ये एचटीएमएल मेल वाचायलाही हीच युक्ती चालते.

मराठी पानांवर प्रश्नचिन्हं दिसली तर आधी लोकेल (सिस्टिमची भाषा-अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ आहे का बघा, मग लिंक्समध्ये ओ दाबून डिस्प्ले कॅरेक्टर सेट तपासा. जोडाक्षरं तुटत असतील तर तो टर्मिनलचा आणि फॉन्टचा प्रश्न, ब्राउझर बदलून सुटणार नाही.

जावास्क्रिप्टवाली पानं टर्मिनलमध्येच हवी असतील तर ब्राउश (Browsh) हा ब्राउझर आहे. पण तो मागे अख्खा फायरफॉक्स चालवतो. कमी मेमरीच्या सर्व्हरवर ते टाकू नका. ती पानं सरळ आपल्या मशीनवर उघडा.