१५ वर्षांच्या मुलाला डिप्रेशनची गोळी सुरू केली आहे. मेंदूवर काही परिणाम होईल का?

तुम्ही लिहिलंय की फ्लुओक्सेटिन सुरू होऊन आठवडा झाला, मुलाला मळमळतंय, मूड तसाच आहे आणि सासूबाई "बंद करा ते" म्हणून मागे लागल्यात. मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. गोळीचं काम कसं चालतं तेवढं सांगते.

मळमळीचं कारण सोपं आहे. ही गोळी सेरोटोनिनवर, म्हणजे पेशींमधले निरोप पोचवणाऱ्या रसायनावर, काम करते; शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नाही, आतड्यात असतं, त्यामुळे पहिली तक्रार पोटाची. एक-दोन आठवड्यांत सहसा ओसरते. गोळी जेवणानंतर देऊन बघा. मूडला मात्र वेळ लागतो. सेरोटोनिनचं पुन्हा शोषलं जाणं गोळी लगेच अडवते, पण त्या बदलाशी जुळवून घ्यायला मेंदूतल्या पेशींना आठवडे लागतात. चार ते सहा आठवडे धरून चाला. ("केमिकल कमी पडलं, गोळीनं भरून काढलं" हे सगळीकडे सांगतात, पण ते फारच ढोबळ आहे.)

सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही. २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषध नियामक संस्था) डिप्रेशनच्या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला. मुलांवरच्या चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं गोळी घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के दिसलं, प्लॅसिबोवर (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) २ टक्के. प्रत्यक्ष आत्महत्या त्या चाचण्यांत एकही नव्हती. म्हणून सुरुवातीचे आठवडे आणि डोस बदलल्यानंतरचे दिवस डोळ्यांत तेल घालून बघा: एका जागी बसवत नाही, झोप उडाली, चिडचिड एकदम वाढली, मरणाची भाषा आली, किंवा उलट अचानक भलताच उत्साह आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. घराण्यात कुणाला बायपोलर (टोकाचा उत्साह आणि टोकाची उदासी आलटून-पालटून येणारा आजार) असेल तर तेही आत्ताच सांगा.

गोळीच्या जोडीला थेरपी सुरू आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर झालेल्या 'टॅड्स' अभ्यासात १२ आठवड्यांनी गोळी आणि सीबीटी (विचार-वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, बोलून करायची थेरपी) दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलांना चांगला फरक पडला. नुसत्या गोळीनं ६१, नुसत्या सीबीटीनं ४३, प्लॅसिबोवर ३५. मी असते तर पुढच्या भेटीत हेच आधी विचारलं असतं.

नशेसारखी सवय लागत नाही. पण बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका; डॉक्टर ठरवून कमी करतात. उंची-वजन अधूनमधून नोंदवत जा. रात्री-अपरात्री डॉक्टर मिळाले नाहीत तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मुलगा जिवाचं काही करून घेईल असं वाटलं तर मात्र फोनवर वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल गाठा.