जुन्या डिस्कचं काय करायचं?

प्रश्न : मी निमंत्रणपत्रिका, माहितीपत्रकं अशी डिझाइनची छोटी कामं सुरू करते आहे. दरमहा वर्गणी भरणं जमणार नाही. ओळखीच्या एकांकडे अडोबी सीएस३ डिझाइन स्टँडर्डचा, म्हणजे फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन असलेल्या जुन्या संचाचा, मूळ बॉक्स आहे. डिस्क, सिरियल नंबर सगळं शाबूत, आणि स्वस्तात देतायत. माझा लॅपटॉप नवा आहे, विंडोज ११चा. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ, ताई. सॉफ्टवेअरमध्ये खोट आहे म्हणून सांगत नाही. २००७ सालच्या इलस्ट्रेटरमधलं पेन टूल ज्याच्या हाताला बसलं, तो आजही त्यात सुरेख रेघ काढेल. सीएमवायके (छपाईचे चार रंग), ब्लीड (कापण्यासाठी कडेला सोडलेली जादा जागा), क्रॉपमार्क (कापायच्या खुणा), पीडीएफ/एक्स-१ए (छपाईसाठीची पीडीएफ), छपाईला लागणारं सगळं त्यात आहे. माझं आयुष्य प्रीप्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या तयारीत, गेलं. छपाईची प्लेट काढणारा फॉन्ट एम्बेड केलेत का (फाइलमध्येच घातलेत का) आणि ब्लीड सोडलंय का एवढंच बघतो. फाइल कुठल्या सालच्या सॉफ्टवेअरमधून आली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

घोडं अडतं ॲक्टिव्हेशनपाशी. नंबर टाकला की प्रोग्रॅम कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, हा नंबर अजून कुठे चालू आहे का? त्याआधीच्या सीएस२चे ते सर्व्हर डिसेंबर २०१२मध्ये बंद झाले, पुढे सीएस३चेही झाले. सीएस२च्या वेळी कंपनीने ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत साइटवर ठेवली आणि जानेवारी २०१३मध्ये ‘फोटोशॉप फुकट’ अशी एकच आवई उठली. ती प्रत होती फक्त आधी पैसे मोजलेल्यांसाठी, पण उतरवून घेणाऱ्यांनी कुणाला विचारलं नाही! तुमच्या बॉक्समधला नंबर शंभर टक्के खरा असेल, पण त्याला ‘खरा’ म्हणणारा सर्व्हर नाही. चाचणीचे ३० दिवस सरले की सगळं ठप्प.

शिवाय तुमचा मजकूर मराठी असणार. सीएस३मध्ये युनिकोड मराठी (आपण फोनवर, मेलमध्ये टाइप करतो ते) पेस्ट केलंत, तर ‘किरण’ची पहिली वेलांटी ‘क’च्या पलीकडे जाऊन बसते आणि ‘कीर्ती’चा रफार डोक्यावर चढायचा सोडून पाय मोडक्या ‘र’च्या रूपात खालीच राहतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कारण अक्षरं जुळवणारं इंजिनच त्यात नाही. म्हणून आम्ही तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या जागी काना-मात्रा बसवलेले फॉन्ट वापरायचो. कागदावर देखणे दिसायचे, पण तोच मजकूर मेलमध्ये पेस्ट केला की नुसतं जीकेएक्सपी! इनडिझाइनमध्ये मराठीची रीतसर सोय झाली ती सीएस६मध्ये, २०१२ साली. तीही एक स्क्रिप्ट चालवून सुरू करावी लागते, आणि परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर (अशी अक्षरं जुळवणारी सेटिंग) लावावा लागतो.

सीएस६ ही वर्गणीच्या आधीची शेवटची आवृत्ती, म्हणून सेकंडहँडमध्ये सगळे तीच शोधतात. मिळाली, तरी पैसे देण्याआधी तुमच्या मशिनवर, तुमच्या डोळ्यांदेखत ॲक्टिव्हेट करून मागा. विकणाऱ्याने आपल्या मशिनवर आधी डीॲक्टिव्हेट केलेलं हवं. बॉक्सवर ‘अपग्रेड’ लिहिलं असेल तर आधीच्या आवृत्तीचा नंबरही लागतो. विद्यार्थी आवृत्ती तर घेऊच नका. मॅकवाल्यांनी २०१९च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून पुढे सीएस६चा नाद सोडावा, कारण जुन्या पद्धतीचं, ३२ बिटचं काहीच त्यावर चालत नाही आणि सीएस६चा इन्स्टॉलरच ३२ बिटचा आहे. परवाना दुसऱ्याला विकता येतो का, यावर कोर्टांचंही एकमत नाही. युरोपच्या न्यायालयाने २०१२मध्ये ‘येतो’ म्हटलं, अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २०१०मध्ये ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात नेमकं उलट.

तुमच्या कामाला इंकस्केप आणि स्क्रायबस १.६ पुरे आहेत. दोन्ही मोफत, दोन्हींत युनिकोड मराठी नीट जुळतं. इंकस्केप सीएमवायकेत कच्चं आहे, म्हणून चित्र तिथे काढा आणि छपाईची पीडीएफ स्क्रायबसमधून काढा. पहिले काही दिवस वैताग येईल, मेनू ओबडधोबड वाटतील. येऊ द्या.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या त्रैमासिकाचे जुने अंक पेजमेकरच्या (पानं लावायच्या अडोबीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) फाइलींत अडकलेत. पुन्हा छापायचे आहेत. कुणी पेजमेकर ७ विकतंय. आता त्याचा उपयोग आहे का?

उत्तर : आहे, आणि तुम्ही ते खुशाल घ्या. २००१ची ही शेवटची आवृत्ती ऑनलाइन ॲक्टिव्हेशन मागत नाही, नुसता सिरियल नंबर पुरतो. एखादा जुना विंडोज एक्सपीचा संगणक शोधा किंवा व्हर्च्युअल मशिनमध्ये (संगणकातच चालणाऱ्या नकली संगणकात) एक्सपी चढवा, आणि काहीही झालं तरी त्याला इंटरनेट जोडू नका.

त्याआधी मात्र एक फाइल लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडून बघा. फुकट आहे, पेजमेकरच्या फाइली वाचतं. ओळी थोड्या सरकतील, पण नुसता मजकूर हवा असेल तर कदाचित तेवढ्यावर भागेल. इनडिझाइन सीएस६मध्येही पेजमेकर ६ पासूनच्या फाइली उघडतात. पुढच्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकली.

सॉफ्टवेअरपेक्षा तुम्हाला फॉन्टच जास्त छळतील. अंक ज्या मराठी फॉन्टमध्ये लावले तेच फॉन्ट नसतील, तर पानावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. तेव्हा आधी जुन्या ऑपरेटरला गाठा, त्याच्याकडे फॉन्टची सीडी आणि असलाच तर डोंगलही (फॉन्ट चालू करायला संगणकाला लावायची किल्ली) असेल. ते फॉन्ट टाइप १ या जुन्या प्रकारचे असतील, तर अडोबीने जानेवारी २०२३पासून त्यांना आधार देणं थांबवलंय, म्हणजे तेव्हाही जुनंच सॉफ्टवेअर कामी येणार. फाइल उघडली की लगेच पीडीएफ काढा, मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मुद्रितशोधकाकडे द्या. जोडाक्षरांत कन्व्हर्टर हमखास गोंधळ घालतो.

प्रश्न : कोरलड्रॉची जुनी आवृत्ती, बॉक्स नाही, मेसेजवर फक्त ‘की’ (सिरियल नंबर) मिळेल असं म्हणतात. घ्यावी का?

उत्तर : नाही. तीच ‘की’ त्याने आणखी किती जणांना विकली, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. छापखान्यात जुनी कोरल आहे एवढ्यासाठी घेत असाल, तर गरजच नाही. नव्या कोरलमधून सेव्ह करताना जुनी आवृत्ती निवडता येते. नाहीतर पीडीएफ द्या.